रितेशच्या वाट्याचे रोट

माझ्याकडे येणारी माणसं भांडण घेऊन येतात. इच्छापूरचा भिकन महाजन आला तेव्हा त्याची अडचण उलटीच होती. त्याला भांडण हवं होतं आणि ते त्याच्याकडे नव्हतं.

बुऱ्हाणपुरात, बुधवारा भागात, भांड्यांच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. जिना असा उभा, की वर पोचेपर्यंत माणसाचा निम्मा राग घामाबरोबर उतरून जातो. भिकन धापा टाकत आला. मागून त्याची आई गोदाबाई आली, सत्तरीची. पण तिला कसली धाप लागते! ती पहिल्या पायरीपासून बोलत होती आणि खुर्चीवर टेकली तरी तिचं वाक्य संपलेलं नव्हतं. मी वैजयंती, बुऱ्हाणपूरच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवते आणि बोलण्यात कोणाला हार जात नाही. त्या दिवशी मात्र मुकाट ऐकून घेतलं.

नाल्याकाठी तीन एकर शेत. भिकनच्या आजानं कसलं, बापानं कसलं, आता तो कसतो. केळी उभी आहे, ठिबक त्यानंच टाकलेलं. पण सरकारदरबारी नाव त्याच्या चुलत घराण्याचं. त्या घरातले आजोबा मास्तर होऊन बुऱ्हाणपूरला आले ते शहरातलेच झाले. त्यांचा मुलगा अरविंद चार वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको कुसुम माझ्याच गल्लीच्या पलीकडे राहते, आणि मुलगा रितेश इंदूरला कंपनीत. हा रितेश हिवाळ्यात एका दलालाला घेऊन आला, बांधावर उभा राहून मोबाइलवर फोटो काढले आणि इथे प्लॉट पडतील म्हणाला. भिकनच्या स्वतःच्या नावावर जी जमीन आहे ती टेकडीच्या अंगाची, नुसता मुरूम. नाल्याकाठचं शेत गेलं तर त्याची केळी संपलीच.

"मॅडम, बारा साल कब्जा झाला का जमीन आपली व्हते ना? हॉटेलात सब तेच म्हनतात," भिकन म्हणाला.

"चहाच्या हॉटेलात अर्धाच कायदा सांगतात. अर्धा माझ्याकडे असतो," मी म्हटलं, आणि उरलेला अर्धा समजावला. कब्जा उघड पाहिजे, सलग पाहिजे, आणि मालकाच्या नाकावर टिच्चून पाहिजे. मालकाला दिसलं पाहिजे की हा माझा हक्क मानत नाही. तोच कब्जा मालकाच्या परवानगीनं असेल, प्रेमानं असेल, तर शंभर वर्षं कसा, जमीन मालकाचीच. "तर सांगा, रितेशच्या घराशी तुमचं कधी वाजलं?"

मायलेक एकमेकांकडे बघू लागले.

"एकदा बाबा अन् अरविंदकाका बोलत नव्हते," भिकनला आठवलं.

"शाब्बास! कशावरून?"

"लगनात काकाच्या पंगतीत बाबाले बट्टीवर तूप कमी वाढलं."

"आणि किती काळ बोलत नव्हते?"

"दुसरी पंगत उठेपर्यंत."

मी कपाळाला हात लावला. दावा लंगडा आहे हे मी भिकनला तोंडावर सांगितलं. पण दावा लावला तर निकालापर्यंत विक्रीला मनाई मिळवता येत होती, आणि तेवढा श्वासही त्याला हवा होता. त्यानं वकीलपत्रावर सही केली.

जाताना गोदाबाई दारात थांबली. "वकीलबाई, कोर्टात त्याहीले दुश्मन म्हना लागीन का?"

"शब्द तो नाही, पण अर्थ तोच."

तिनं पिशवीतून केळ्याची फणी काढून टेबलावर ठेवली आणि अख्खा जिना एक शब्दही न बोलता उतरली.

मनाई मिळाली. मग तारखा सुरू झाल्या आणि माझे हाल सुरू झाले. प्रत्येक तारखेला गोदाबाई इच्छापूरहून यायची आणि कोर्टाच्या व्हरांड्यात थेट कुसुमच्या शेजारी जाऊन बसायची. वादीची आई आणि प्रतिवादीची आई! दोघींचे डबे उघडायचे, लोणच्याची देवाणघेवाण व्हायची, गुडघ्यांची चौकशी व्हायची. समोरचा वकील अक्षय, माझ्यापेक्षा वयानं लहान आणि हुशार, तो दुरून बघून गालातल्या गालात हसायचा. मी एकदा गोदाबाईला चांगलंच झापलं, की बाई, तुम्हाला जमीन हवीय की लोणचं? अक्षयनंही कुसुमला दम दिला असावा. पुढच्या तारखेला दोघी एकाच बाकावर पाठीला पाठ लावून बसल्या, आणि डबा मागच्या मागे सरकवत जेवल्या.

भिकनची साक्ष पार पडली. शिकवलेलं त्यानं बिनचूक म्हटलं, खाली मान घालून. आता गोदाबाईची साक्ष. तारीख पडली श्रावणात, नेमकी कानबाईच्या विसर्जनानंतरच्या मंगळवारी.

ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या तापीकाठी आणि खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी मांडतात, रात्रभर गाणी-फुगड्या, सोमवारी वाजतगाजत नदीवर. पण सगळ्यात मोठं काम त्याआधीचं. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळून त्याचे रोट, म्हणजे जाडजूड पोळ्या, करायचे. बायकांच्या नावाची मूठ नसते; बायकांनी दळायचं, थापायचं, भाजायचं. (यावर मला पुष्कळ बोलता येईल, पण दावा जमिनीचा आहे.) आणि रोट खायचे फक्त घरच्यांनी. परक्याला तुकडासुद्धा चालत नाही. टाकूनही देता येत नाहीत, पुनवेच्या आत घरातच संपवावे लागतात. मी गोदाबाईकडून केळी खाल्ली, वांगी खाल्ली, पापड खाल्ले. रोट मागितला तर तिनं हसून हात जोडले.

मंगळवारी सकाळी भिकननं मला व्हरांड्यात गाठलं. चेहरा उतरलेला.

"मॅडम, एक लोच्या झाला असंल. शनिवारी आई गहू घेत व्हती. मी म्हनलं, यंदा रितेशची मूठ घेऊ नको, केस चालू हाय. तिनं नुस्तं हूं केलं. घेतली का नही, मले नही दिसलं."

"दरवर्षी घेता?" मी विचारलं.

"घेतोच ना. त्यो येत नही, मंग त्याच्या वाट्याचे रोट मलेच खा लागतात. पुनवेपर्यंत जबडा दुखतो."

एवढे महिने माझ्याकडे येत होता आणि हे मला आज सांगत होता! मी गोदाबाईकडे धावले. सोमवारभर गाऊन तिचा आवाज बसला होता. मी घाईघाईनं सांगितलं, की विचारलंच तर म्हणा, जुनी रीत होती, आता आम्ही त्यांना धरत नाही. बस, एवढंच. आज तुम्ही रितेशला परकं म्हटलं तर शेत वाचण्याची थोडी तरी आशा आहे. घरचं म्हटलं तर उभ्या केळीसकट गेलं. तिनं मान हलवली. तेवढ्यात रितेश जवळ आला, इंदूरहून रात्रीच पोचलेला, खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी दुसरीकडे बघितलं.

अक्षय बुऱ्हाणपूरचाच. त्याच्याही घरी कानबाई बसते, हे मी विसरले होते. तो शेताबद्दल काही विचारायलाच गेला नाही.

"गोदाबाई, परवा कानबाई बसली का?"

"बसली ना."

"गहू कोणी घेतले?"

"मीच घेते. सासू गेली तवापासून."

"कोणाकोणाच्या नावानं, सांगा बरं."

मी उठून हरकत घेतली. जज साहेब मध्य प्रदेशाच्या पार दुसऱ्या टोकाचे, रीवाकडचे, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. "ये रोट का मामला क्या है?" त्यांनी विचारलं. अक्षयनं अगदी प्रेमानं सगळं समजावलं. मूठ कशी घेतात, कोण खातं, कोणाला चालत नाही. साहेबांनी पेन खाली ठेवून ऐकलं आणि माझी हरकत बाजूला सारली.

गोदाबाईनं नावं घेतली. भिकनचं घेतलं, त्याच्या मुलाचं घेतलं, धाकट्या दिराचं घेतलं. मग थांबली.

"आणखी?" अक्षय म्हणाला.

ती माझ्याकडे बघत होती. मी डोळ्यांनी सांगत होते, बाई, जुनी रीत म्हणा. मग तिनं मागे भिकनकडे बघितलं. त्यानं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता. त्या क्षणी त्या बाईची मला दया आली, खरंच सांगते. एका बाजूला मुलाची केळी आणि दुसऱ्या बाजूला कानबाई, आणि मधे ती, बसलेल्या आवाजाची.

"रितेशची," ती म्हणाली.

"यंदासुद्धा?"

"यंदा बी. कानबाईपुढं मूठ कशी कमी करू मी? ती काय कोर्टाची तारीख पाहून बसते?"

"मग रितेश तुमचा कोण? परका?"

"परका कसा व्हईल, बाप्पा? घरचा हाय त्यो."

संपलं. नाकावर टिच्चून केलेला कब्जा सव्वा मूठ गव्हात वाहून गेला. मी खाली बसले. आणि तेवढ्यात मागून भिकन उभा राहिला, काय संचारलं होतं देव जाणे, आणि हिंदीत ओरडला, "साहब, उसके नाम के रोट हर साल मैं ही खाता हूँ! पूछो उसको, एक भी बार आया क्या?"

"बैठ जाइए," साहेब म्हणाले. पण त्यांनी रुमाल तोंडाला लावला होता आणि तो घाम पुसण्यासाठी नव्हता.

जेवणाची सुट्टी झाली. साहेब जुन्या केसेसच्या मागे हात धुवून लागले होते, त्यामुळे कुसुमची साक्ष त्याच दिवशी दुपारी होती. मी व्हरांड्यात आले तर गोदाबाई बाकावर रितेशला बसवून समोर फडकं सोडत होती. फडक्यात रोट.

"आज आलाच हायस तं आपल्या वाट्याचे खाय. भिकनचा जबडा थकला."

"मोठी आई, ये चबेगा कैसे?" रितेशनं रोट हातात घेऊन वाकवून बघितला. तो वाकला नाही.

"चावत राय. घाई कायले?"

दोन दिवसांचा रोट. तो तोंडात असला की माणसाला फक्त ऐकता येतं. रितेश चावत होता आणि शेजारी बसून भिकन बोलत होता. ठिबकची लाइन कुठून नेली, करपा आला त्या साली कशी झाडं उपटली, अरविंदकाका शेवटचे आले तेव्हा कुठल्या बांधावर बसून केळं खाल्लं. रितेश मधेच काही म्हणायला जायचा आणि गोदाबाई पुढचा तुकडा द्यायची. कुसुमनं दह्याचा डबा उघडला. मी आणि अक्षय, दोघं रोट न मिळणारे, कँटीनची कचोरी खात बघत होतो.

शेवटी रितेश घोटभर पाणी प्यायला.

"मोठी आई, एक बात सांगू? माझी मूठ तू घेतेस. माझ्यानंतर कोणाची घेशील? मला स्नेहल एकटी आहे, पोरगी. तुमच्या रीतीनं माझ्यानंतर आमच्या घराची मूठच नाही. मग मी हे शेत ठेवू तरी किसके लिए? हे मी चिडून नाही म्हणत, पण मनात येतं."

तो हसत म्हणाला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. माझ्या ओठांवर आलं होतं की कायद्यात मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, कलमही सांगणार होते. कुसुमनं माझा काळा कोट मागून ओढला.

  गोदाबाईनं उरलेल्यातला एक चांगला गोल रोट निवडला, स्वच्छ फडक्यात बांधला आणि रितेशच्या हातात दिला.

"हा स्नेहलले. बिनलग्नाची लेक घरचीच, तिले चालतो. दुधात भिजव मात्र, नही तं पोरीचे दात पडतील."

रितेशनं बॅगेतून लॅपटॉप काढून काखेत धरला आणि त्याच्या जागी रोट ठेवला.

दुपारी कुसुम उभी राहिली. अक्षयनं उत्तरात लिहिलं होतं, की आम्ही यांना दरवर्षी परवानगीनं कसू दिलं. तेवढं एक वाक्य तिच्याकडून आलं की त्याचं काम झालं. मी उलटतपासाला उठले ते केवळ रिवाज म्हणून. माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

"कुसुमताई, भिकन किंवा त्याचे वडील शेत कसायची परवानगी मागायला तुमच्याकडे यायचे?"

"परवानगी?" ती दुखावली गेली. "आपल्याच शेतात जायला कोण परवानगी मागतं? माझ्या सासऱ्यांनी भिकनच्या वडिलांना सांगून ठेवलं होतं, तू कसतोस तं तुझंच. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं असतं तर उलट आम्हाला राग आला असता."

अक्षयची मान हळूहळू खाली गेली. साहेब आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग अक्षयकडे बघत राहिले.

"वकील साहब," ते म्हणाले, "आप दोनों अपने-अपने गवाह आपस में बदल लीजिए. केस वहीं ख़त्म हो जाएगी."

सगळं कोर्ट हसलं. टायपिस्ट हसला, पट्टेवाला हसला, पुढच्या केसमधले खरे दुश्मनसुद्धा हसले. साहेबांनी फाइल मिटली आणि प्रकरण समझोत्यासाठी मध्यस्थाकडे पाठवलं.

मला ठाऊक होतं, रितेश अडून बसला असता तर जिंकला असता. कुसुमचं बोलणं ऐकायला गोड, पण कागदावर नाव त्याचं आणि माझ्या बाजूचं वैर तर रोटाखाली गाडलं गेलेलं. भिकनलाही ते कळत होतं. मध्यस्थाच्या खोलीत तो आला तोच हरल्यासारखा. रितेश मात्र आठ वर्षांच्या स्नेहलला घेऊन आला होता. तिला शेत दाखवायला आदल्या दिवशी इच्छापूरला जाऊन आला, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत होती. तिला केळीच्या झाडाला एकदाच घड येतो हे कळल्यापासून फार वाईट वाटत होतं.

"प्लॉट नाही पाडायचे," रितेश म्हणाला. "नाल्याकडचं, केळीचं, भिकनदादाच्या नावावर करा. पक्कं, रजिस्ट्रीसकट. रस्त्याकडचा तिसरा हिस्सा स्नेहलच्या नावावर. तो विकायचा नाही. ती मोठी होईपर्यंत दादानंच कसायचा."

भिकन उठला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण तो रडायलाच लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. मग लाजला आणि रितेशच्या पाठीत एक गुद्दा घातला. "पुढल्या साली तुझे रोट तूच खाय," एवढंच त्याला जमलं.  मी फाइलमध्ये डोकं घातलं. एवढा आनंद देणारी हार मी कधी पत्करली नव्हती.

हे झालं गेल्या साली. यंदा श्रावणात गोदाबाईचं बोलावणं आलं, म्हणून शनिवारी मी इच्छापूरला गेले. अंगणात बायकांची गर्दी, कुसुम डांगर चिरतेय, रितेश भिकनबरोबर मंडपाचे बांबू बांधतोय आणि दोघं बांबूवरून भांडतायत. मला हेच भांडण वेळेवर मिळालं असतं तर!

गोदाबाई सुपापुढे बसली. गव्हाच्या राशीतून मूठ भरायची, नाव घ्यायचं, वर पाव मूठ टाकायची. भिकन. त्याचा मुलगा. धाकटा दीर. रितेश. मग तिनं हाक मारली.

"स्नेहल, इकडं ये व माय. हात धुतले का?"

स्नेहल आली. गोदाबाईनं तिचा हात धरून राशीत घातला. "भर. गच्च भर. अजून थोडी वर."

डांगर चिरणाऱ्या कुसुमची विळी थांबली. 

"वहिनी, पोरीची मूठ?" धाकटा दीर म्हणाला. "असं कधी झालं नही."

गोदाबाईनं मान वरसुद्धा केली नाही. स्नेहलच्या मुठीतून सुपात पडणारे गहू ती बघत होती.

"कोर्टाची आर्डर हाय," ती म्हणाली. "जिच्या नावावर शेत, तिची मूठ. नही पटत तं वकीलबाई इथीच बसल्या हायेत, विचार त्याहीले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रितेशनंही, हातात बांबू तसाच धरून.

अशी ऑर्डर कोणत्याही कोर्टानं दिलेली नाही. पण मी गोदाबाईच्या बाजूची वकील.

"आहे," मी म्हटलं. "पक्की आहे. अपीलसुद्धा चालत नाही."

रोट मला याही वेळी मिळाला नाही. खीर मात्र दोन वाट्या खाल्ली.